जुनी रहस्यकादंबरी घेताना आधी शेवटची पानं बघा

जुन्या पुस्तकांच्या ढिगात हवी ती रहस्यकादंबरी सापडली की आधी शेवटची पानं तपासा. वाचायची नाहीत, फक्त पृष्ठक्रमांक ओळीने आहेत ना, एवढंच बघायचं. पेपरबॅकचा डिंक वाळला की सुरुवातीची आणि शेवटची पानं लवकर सुटतात. खुनी कोण हे उलगडणारं पानच गळालेलं असेल, तर असं पुस्तक घेऊन उपयोग काय?

मग मध्यावर उघडून वास घ्या. कुबट, ओलसर वास आला तर पुस्तक कितीही दुर्मिळ असो, सोडून द्या. बुरशी कपाटातल्या बाकीच्या पुस्तकांनाही लागते. पिवळी पानं, आधीच्या मालकाची सही हे मात्र खुशाल चालवून घ्यावं. मला तर अशा सह्या आवडतातच. समासात कुणी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलंय असा संशय आला, तर ते खोडायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या.

इंग्रजी कादंबऱ्या जमवत असाल तर नावांकडे नीट लक्ष हवं. एकच कादंबरी ब्रिटनमध्ये एका नावाने आणि अमेरिकेत दुसऱ्याच नावाने निघाल्याची उदाहरणं बरीच आहेत. अगाथा ख्रिस्तींची १९३४ सालची 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' अमेरिकेत 'मर्डर इन द कॅले कोच' या नावाने आली होती. आधीचं नाव बहुतेकदा कॉपीराइटच्या पानावर बारीक अक्षरात दिलेलं असतं. मोबाइलमधल्या यादीत दोन्ही नावं लिहून ठेवा, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा विकत घेतली जाणार नाही.