लहान मुलांना उष्णता आणि तापमान कसे शिकवावे : विसणापासून तापमापीपर्यंत

सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला उष्णता म्हणजे काय हे व्याख्येने समजत नाही, आणि तसा प्रयत्न करूही नये. आंघोळीच्या कढत पाण्यात विसण घातले की ते सोसवते, हे त्याला केव्हाच ठाऊक झालेले असते. 'कढत', 'कोमट' आणि 'गार' या शब्दांपासून त्याला आकड्यापर्यंत न्यावे, तेही आकड्याची गरज त्याची त्यालाच जाणवू लागल्यानंतर. म्हणून तापमापी पहिल्याच दिवशी त्याच्या हाती देऊ नये, असा माझा आग्रह आहे.

तयारी थोडीच लागते. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी, लाल किंवा निळ्या द्रवाची आणि उणे १० ते ११० अंश सेल्सिअसपर्यंत खुणा असलेली काचेची तापमापी आणावी. पाऱ्याची तापमापी टाळावी, कारण ती फुटल्यास पाऱ्याची विषारी वाफ खोलीत पसरते. ताप मोजण्याची काचेची तापमापीही या कामासाठी घेऊ नये. तिच्यावरील खुणा साधारण ३५ ते ४२ अंशांपुरत्याच असतात आणि गरम पाण्यात ती तडकते.

सुरुवात घरातील उष्णतेचे स्रोत शोधण्यापासून करावी. मुलासोबत घरभर आणि अंगणात फिरावे, आणि कोणकोणत्या गोष्टी तापतात हे त्याला सांगू द्यावे. सूर्य, गॅसची शेगडी, चूल, इस्त्री आणि पिवळा बल्ब ही नावे लगेच येतील. त्यानंतर फ्रीजच्या मागची बाजू, नुकतीच थांबलेली मोटारसायकल आणि मुलाचे स्वतःचे अंग यांकडे त्याचे लक्ष वेधावे. मात्र गाडीच्या सायलेन्सरला किंवा इस्त्रीला हात लावून पाहायचे नाही, हे फेरी सुरू होण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे. यादी झाली, की 'ही वस्तू स्वतः उष्णता देते, की दुसऱ्या कशाने तापली आहे?' असे प्रत्येक नावापुढे विचारावे. तवा ज्योतीमुळे तापतो आणि छपराचा पत्रा उन्हामुळे, हा भेद मुलांना लवकर उमगतो.

या यादीत चिंचोक्याला अवश्य जागा द्यावी. शहाबादी फरशीवर चिंचोका जोराने घासून दुसऱ्याच्या हाताला चटका देण्याचा खेळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि घर्षणाने उष्णता निर्माण होते हे शिकवायला याहून चांगले साधन मला माहीत नाही. तेथे ज्योत नसते, वीज नसते, ऊनही नसते, तरीही चटका बसतो. मुलाला त्याच्या स्वतःच्याच तळहातावर तो हलकेच टेकवून पाहू द्यावा. (चुकून खरोखरच भाजले, तर ती जागा नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावी, बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये.)

यानंतर हाताची परीक्षा घ्यावी. तीन पातेली घेऊन एकात माठातले गार पाणी, दुसऱ्यात कोमट पाणी आणि मधल्यात साधे पाणी भरावे. कोमट पाणी तयार करताना आधी थंड पाणी ओतून मग त्यात गरम पाणी मिसळावे, आणि ते ४० अंशांच्या वर नाही याची मोठ्या माणसाने तापमापीने खात्री करून घ्यावी. मुलाने एक हात गार पाण्यात व दुसरा कोमट पाण्यात मिनिटभर बुडवून ठेवावा आणि मग दोन्ही हात एकदम मधल्या पातेल्यात घालावेत. एका हाताला तेच पाणी ऊबदार लागते आणि दुसऱ्याला थंड. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकात हीच गोष्ट नोंदवली होती. येथे घाई करू नये. 'मग खरे कोणत्या हाताचे मानायचे?' असा प्रश्न मुलाच्या तोंडून येईपर्यंत थांबावे, आणि तो आला की तापमापी काढावी.

वाचन शिकवताना चार सवयी लावाव्यात : तापमापीचा फुगा पाण्यात पूर्ण बुडालेला असावा, तो भांड्याच्या तळाला टेकू नये, द्रवाची रेषा सरकायची थांबेपर्यंत धीर धरावा, आणि डोळा रेषेच्या पातळीत आणून, तापमापी पाण्याबाहेर न काढता आकडा वाचावा. द्रव तापला की काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतो, म्हणून नळीत वर चढतो, एवढे स्पष्टीकरण पुरेसे आहे. प्रत्येक मोजणीपूर्वी मुलाला अंदाज लिहायला लावावा. २० अंशांच्या आणि ४० अंशांच्या पाण्याचे प्रत्येकी एक भांडे एकत्र ओतल्यावर किती होईल, असे विचारल्यास बरीच मुले ६० म्हणतात. आकडा ३० च्या आसपास थांबलेला पाहिला, की विसण घालण्याचा अर्थ त्यांना नव्याने कळतो. वितळत्या बर्फात तापमापी ठेवून शून्याची खूणही दाखवावी. सेल्सिअस यांनी १७४२ साली मांडलेल्या मूळ मापनात उकळत्या पाण्याला शून्य आणि वितळत्या बर्फाला १०० मानले होते, आणि ते पुढे उलट करण्यात आले, हे मुलांना ऐकायला आवडते.

आता गोधडीकडे वळावे, कारण गोधडी आणि स्वेटर स्वतःच ऊब तयार करतात ही समजूत मुलांच्या मनात फार घट्ट असते. खोलीतले तापमान मोजून तीच तापमापी घडी केलेल्या गोधडीत पाव तास ठेवावी. आकडा जवळजवळ तोच राहतो. मग सारख्या आकाराचे बर्फाचे दोन तुकडे घेऊन एक उघडा ठेवावा व दुसरा लोकरीत गुंडाळावा. लोकरीतला आधी वितळेल असे मूल बहुधा म्हणेल, पण तो मागे राहतो. लोकर बाहेरची उष्णता आत येऊ देण्यास जसा विलंब लावते, तसाच आपल्या अंगातली उष्णता बाहेर जाण्यासही लावते.

शेवटी रोजची नोंद सुरू करावी. सकाळी आठ, दुपारी दोन आणि सायंकाळी सहा वाजता सावलीतल्या हवेचे तापमान मोजून चौकटीच्या वहीत तितक्या चौकटी रंगवाव्यात. उन्हात ठेवलेली तापमापी स्वतःच तापते आणि हवेचे तापमान सांगत नाही. त्याच कारणाने हवामान खाते आपल्या तापमापी झडपा असलेल्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवते. उन्हाळ्यात माठातल्या आणि शेजारच्या स्टीलच्या कळशीतल्या पाण्याचे तापमानही याच वहीत लिहावे. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाफ होऊन उडताना माठातली उष्णता घेऊन जाते, आणि कोरड्या हवेत दोन आकड्यांत चांगलेच अंतर पडते. हीच मोजणी पाऊस लागल्यावर पुन्हा करावी. अंतर कमी झालेले दिसेल, आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून त्याचे कारण मुलालाच शोधू द्यावे.