प्रसिद्धिपत्रक पाठवण्याआधी: जनसंपर्काच्या कामात या चुका टाळा

‘क्लायंटने दिलं, आम्ही फक्त पुढे पाठवलं.’ बदनामीची नोटीस आल्यावर एजन्सीकडून हमखास येणारं हे उत्तर कोर्टात फारसं टिकत नाही. दुसऱ्याचा आरोप पुन्हा प्रसिद्ध करणाराही दाव्यात प्रतिवादी होऊ शकतो. ‘सूत्रांनुसार’, ‘कथित’, ‘असं बोललं जातं’ हे शब्द पेरले तरी जबाबदारी जात नाही. ‘अमुक कंपनीने ठेवीदारांना फसवलं?’ यातलं प्रश्नचिन्हही वाचवत नाही. भारतीय कायद्यात तर उपरोधाने केलेलं विधानही बदनामी ठरू शकतं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

नाव गाळणं ही अशीच एक फसवी पळवाट. वर्णनावरून जाणकारांना माणूस ओळखता आला की तेवढं पुरतं. कंपनीचीही बदनामी होते, त्यामुळे स्पर्धक ब्रँडला चिमटे काढणारा मजकूर दोनदा वाचा.

सगळ्यात महागात पडते ती समजूत म्हणजे ‘खरं आहे ना, मग काय घाबरायचं?’ खरं असणं वेगळं आणि सिद्ध करता येणं वेगळं. इंग्लंडमध्ये आणि भारतातल्या दिवाणी दाव्यात खरेपणा हा पूर्ण बचाव आहे, पण तो सिद्ध करायचं ओझं विधान करणाऱ्यावर असतं. भारतात फौजदारी बाजूही आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 356 लागू आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. तिथे नुसतं सत्य पुरत नाही, ते सार्वजनिक हितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. याउलट अमेरिकेत 1964 च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन’ निकालामुळे सरकारी अधिकाऱ्याला (आणि पुढच्या निकालांमुळे सार्वजनिक व्यक्तींनाही) हे सिद्ध करावं लागतं की विधान खोटं आहे हे माहीत असून, किंवा खऱ्याखोट्याची बेफिकिरी ठेवून, ते केलं गेलं. म्हणून एका देशात तपासलेलं पत्रक जसंच्या तसं दुसरीकडे पाठवू नका.

‘हे आमचं मत आहे’ असं म्हणून आरोपाचं मत होत नाही. ‘उत्पादन आम्हाला सुमार वाटतं’ हे मत. ‘ते भेसळ करतात’ हा आरोप, आणि त्यामागचा कागद फाइलमध्ये असायलाच हवा. मत मांडताना ते कशावर बेतलंय, तेही मजकुरात दिसू द्या.

पत्रकाराशी खासगीत बोललेलं किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेलं सुटतं, असंही नाही. दिवाणी दाव्यासाठी तिसऱ्या एका माणसापर्यंत पोहोचलं तरी ते प्रकाशनच.

नोटीस आलीच, तर घाबरून पोस्ट डिलीट करत सुटू नका. आधी तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट, मंजुरीचे ईमेल आणि मसुदे जपून ठेवा, मग मजकूर काढायचा का ते वकिलाशी बोलून ठरवा. दिलगिरीचा मसुदाही त्यांनाच दाखवा. घाईने लिहिलेले खुलासे बहुतेकदा मूळ आरोपच पुन्हा छापतात. (तेही मोठ्या अक्षरांत!) क्लायंटबरोबरच्या करारात नुकसानभरपाईची हमी आहे का तेही पाहा. दिवाणी दाव्याचा खर्च त्यातून वसूल होऊ शकतो. फौजदारी खटल्यात मात्र मजकुराला मंजुरी देणाऱ्यालाच आरोपी म्हणून हजर राहावं लागू शकतं.