स्वतःचं गाणं करताना कान ताजे कसे ठेवायचे

खान्देशात घरी बसून गाणं करणारी पोरं आता गल्लोगल्ली झालीत, जळगाव-धुळे तर सोडाच पण साक्री, पारोळा, यावल, शहादा इकडे पण एक लॅपटॉप, एक इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा), एक माईक आणि हेडफोन एवढ्या सामानावर अहिराणी गाणी तयार होतात आणि यूट्यूबला जातात. आणि सगळ्यांचं रडगाणं पण सारखंच, रात्री २ वाजता गाणं एकदम कडक वाजत होतं, सकाळी लावलं तर बास फुगलेला, गाणाऱ्याचा आवाज आत दबलेला, झांज कानात घुसतेय. मग लोक नवीन प्लगइन (आवाजावर काम करणारं जोड-सॉफ्टवेअर) शोधायला लागतात, पण गडबड प्लगइनची नसते हो, कानाची असते.

कान दोन प्रकारे दगा देतात. एक म्हणजे मोठ्या आवाजात बराच वेळ बसलं की ते खरोखर थकतात, थोड्या वेळासाठी ऐकायलाच कमी येतं, तेव्हा आपण नकळत ट्रेबल चढवत जातो. दुसरं म्हणजे सवय. किक (ड्रमचा जाड ठोका) जरा जास्त असली तरी विसाव्यांदा ऐकताना तीच बरोबर वाटते. थकव्याला दर ४०-४५ मिनिटांनी उठून १० मिनिटं गच्चीवर गेलं तरी बराच फरक पडतो (मोबाईल घेऊन नाही, रील बघत बसलात तर तो ब्रेक नव्हे). सवयीला मात्र तेवढं पुरत नाही, मधे एक रात्र जावी लागते.

म्हणून माझं सांगणं एकच, दिवसातलं पहिलं ऐकणं जपा. त्या ४ मिनिटांत जे कळतं ते नंतर ४ तास बसून कळत नाही, आणि बहुतेक जण ते वाया घालवतात, उठल्या उठल्या प्रोजेक्ट उघडतात आणि प्ले दाबताच फेडरला (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीला) हात. असं करू नका. रात्री झोपायच्या आधी मिक्स (सगळे आवाज जुळवलेलं गाणं) वेव्ह फाईलमध्ये काढून ठेवायचा. सकाळी दुसरं काहीही ऐकायच्या आधी तीच फाईल लावायची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाच, मधे थांबवायचं नाही, आणि स्क्रीनकडे बघायचं नाही कारण वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) दिसला की पुढे काय येणार ते डोळे आधीच सांगून टाकतात. हातात माऊस नको, वही-पेन घ्या. "०:४८ ढोलकी पुढे", "दुसऱ्या कडव्यात बासरी टोचते", "शेवटी कंटाळा आला" असं जे वाटलं ते तसंच लिहायचं, का वाटलं याचा विचार तिथे नको. मग प्रोजेक्ट उघडून फक्त वहीतलं काम करायचं. मधेच काही नवीन सुचलं तर ते उद्याच्या पानावर.

बाकीचं बारीक काम, म्हणजे व्होकलचे (गायलेल्या आवाजाचे) तुकडे जोडणं, ट्यूनिंग, श्वास कमी करणं, ट्रॅकला नावं देणं, हे संध्याकाळी थकलेल्या कानांनी पण होतं, त्यात डोळ्यांचा भाग जास्त. बॅलन्स आणि इक्यू (बास-ट्रेबल कमी-जास्त करणं) मात्र सकाळी.

आता व्हॉल्यूम. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये दाखवून दिलंय की आवाज कमी असला की कानाला बास सगळ्यात कमी ऐकू येतो, आवाज वाढवला की बास भरून येतो. म्हणजे मोठ्याने लावलं की कुठलंही गाणं भारीच वाटणार, त्यात तुमच्या मिक्सची काही कमाल नाही. शेजारी बसलेल्याशी ओरडल्याशिवाय बोलता येईल एवढा आवाज ठेवा, इंटरफेसच्या नॉबवर मार्करने खूण करा आणि रोज त्याच खुणेवर काम करा. मोठ्याने ऐकायचं ते अधूनमधून, अर्धा मिनिट, बास तपासण्यापुरतं. कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारं प्लगइन) लावला आणि "वा, उठाव आला" असं वाटलं तर आधी त्याचा आऊटपुट खाली घेऊन बंद-चालू दोन्ही सारख्या आवाजात आणा आणि मग ठरवा, बऱ्याचदा उठाव नसतो, नुसता आवाज वाढलेला असतो. रेफरन्स गाण्याचंही (तुलनेला घेतलेल्या तयार गाण्याचंही) तेच, ते मास्टर झालेलं (शेवटचा हात फिरवून मोठं केलेलं) असतं त्यामुळे ६-८ डेसिबल खाली घेऊनच तुलना करा, नाहीतर ते दरवेळी जिंकेल आणि तुम्ही लिमिटर (आवाजाला वरची हद्द घालून गाणं मोठं करणारं प्लगइन) पिळत बसाल. यूट्यूब तसंही साधारण उणे १४ एलयूएफएसपेक्षा (गाणं किती मोठं वाजतं त्याचं माप) मोठं गाणं स्वतःच खाली आणतं, पिळून मिळवलेलं तिथे निघून जातं.

एक गोष्ट अशी आहे जी कितीही आराम केला तरी तुमच्या कानाला कळणार नाही, ती म्हणजे शब्द. गाणं तुम्हीच लिहिलंय, पाठ आहे, त्यामुळे ढोलकीखाली अर्धी ओळ गेली तरी मेंदू ती भरून काढतो आणि तुम्हाला सगळं स्वच्छ ऐकू येतं. आणि अहिराणी गाण्यात शब्द कळले नाहीत तर राहिलं काय? तर असं करा, ज्याने गाणं ऐकलेलं नाही अशा कुणालातरी मुखडा एकदाच ऐकवा, मावशी, चुलतभाऊ, शेजारचा पोऱ्या, कुणीही चालेल, पण "कसं वाटलं" विचारू नका, "मस्त शे भाऊ" म्हणून मोकळे होतील. विचारायचं, "काय म्हनी राहिना तो?" (काय म्हणतोय तो?) आणि त्यांना ओळ म्हणून दाखवायला लावायची. जिथे अडखळतील तिथे खूण करा. बहुतेक वेळा तिथे व्होकल वाढवायची गरज नसते, २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास ढोलकीची थाप किंवा सिंथ (कीबोर्डचा आवाज) शब्दाच्या अंगावर बसलेलं असतं, ते २-३ डेसिबल कापलं की शब्द बाहेर येतो. एका माणसाचे कान एका गाण्यासाठी एकदाच असे कोरे मिळतात, म्हणून घरातल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी डेमो ऐकवत सुटू नका, दोघं-तिघं राखून ठेवा.

आपल्याकडचा खास प्रॉब्लेम म्हणजे कूलर. एप्रिल-मे मध्ये ४४-४५ डिग्रीत कूलर बंद ठेवून मिक्स करा असं मी सांगणार नाही, लॅपटॉप पण तापतो आणि माणूस पण. पण तो जो सततचा सूं आवाज असतो ना तो रिव्हर्बची (आवाज घुमण्याची) शेपटी आणि वरचे बारीक आवाज झाकून टाकतो, मग आपण रिव्हर्ब वाढवतो, ट्रेबल वाढवतो, आणि बंद खोलीत ऐकलं की गाणं न्हाणीघरात गायल्यासारखं येतं. वर त्या सूंच्या वर ऐकू यावं म्हणून व्हॉल्यूम चढतो तो वेगळाच. उन्हाळ्यात सकाळी ६ ते ९ ही वेळ गाठा, आणि दिवसा काम करायचंच असेल तर रिव्हर्ब आणि ट्रेबलचा निर्णय घेताना तेवढी ४ मिनिटं कूलर बंद करा.

ऐकायची जागा बदलली की पण कान जागे होतात, शेजारच्या खोलीतून दार उघडं ठेवून ऐका, व्होकल आणि ढोलकीचं नातं तिथे लगेच कळतं. मोबाईलच्या स्पीकरवर तर ऐकाच, त्यात खालचा बास येतच नाही, तिथे किक गायब होत असेल तर तिला थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलकासा फाटका रंग) देऊन वरचा भाग दिसू द्या. आणि एकदा मोनो (डावं-उजवं एकत्र) करून बघा, लग्नातले डीजे सेटअप बऱ्याचदा मोनोच असतात, स्टिरिओत रुंद केलेली बासरी तिथे बारीक होऊन जाते.

लग्नसराईत जे स्वतः बँडमध्ये किंवा डीजेवर वाजवतात त्यांनी जास्त सांभाळा. अमेरिकेतल्या निओश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचा हिशोब असा की ८५ डेसिबलला दिवसाला जास्तीत जास्त ८ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धी, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, आणि वरात तर तासन् तास चालते. इअरप्लग घाला, मेडिकलवर स्वस्तात मिळतात. रात्री वाजवून आलात आणि कानात शिट्टी वाजतेय तर दुसऱ्या दिवशी मिक्सला हात लावू नका, व्हिडिओ एडिट करा, थंबनेल करा. दोन-तीन दिवसांनीही शिट्टी जात नसेल तर कानाच्या डॉक्टरकडे जा, उगाच अंगावर काढू नका.

आणि थांबायचं कधी, तर ते वहीच सांगते. सुरुवातीला पानभर लिहिलं जातं, मग ४-५ ओळी. ज्या दिवशी काल "आवाज थोडा वर" आणि आज "आवाज थोडा खाली" असं यायला लागलं त्या दिवशी गाणं झालेलं असतं, कालची फाईल मास्टर करा आणि यूट्यूबला टाकून द्या.