भाड्याची सात सीटर हातात घेताना

माझी रोजची गाडी छोटी हॅचबॅक. वर्षातून दोन-तीनदा सगळं घर एकत्र बाहेर पडतं तेव्हा आम्ही सात सीटची एसयूव्ही भाड्याने घेतो, आणि चालवते मी. असे पाच-सहा प्रवास झाल्यावर आता माझा नियम ठरून गेला आहे: घरच्यांना बसवण्याआधी अर्धा तास त्या गाडीबरोबर एकटीने काढायचा. गाडी नवीन असते, पण हातापायांना सवय जुन्या गाडीची असते. ती सवय मोडायला तेवढा वेळ लागतोच.

ताबा घेताना फोटोंपेक्षा सलग एक व्हिडिओ काढा. तारीख-वेळ, किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा त्यात आला पाहिजे. गाडीभोवती एक फेरी मारा आणि वाकून बंपरची खालची कडाही घ्या. मी एकदा वाकले नव्हते. परत देताना त्याच कडेवरचा ओरखडा आमच्या नावावर लागला आणि दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. पुढची काच, टप आणि चाकांच्या रिमही सुटू देऊ नका.

मग टायर. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की चौकटीवर हवेच्या दाबाचं स्टिकर सहसा दिसतं. त्यावर बहुतेक वेळा दोन आकडे असतात, एक मोजक्या माणसांसाठी आणि दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. भाड्याच्या गाडीत हवा पहिल्या आकड्याची असण्याचीच शक्यता जास्त. तुम्ही सातजण आणि सामान घेऊन निघणार असाल तर दुसरा आकडा धरा, आणि टायर थंड असतानाच हवा तपासा. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. 2321 म्हणजे 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. स्टेपनी पुष्कळ मोठ्या गाड्यांत डिकीच्या खाली, बाहेरून टांगलेली असते आणि लांब दांड्याने फिरवून खाली उतरवावी लागते. तो दांडा आणि जॅक कुठे आहेत ते उजेडात, देणाऱ्या माणसासमोरच बघून घ्या.

आता सीटवर बसा. ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. आरसे इतके बाहेर वळवा की आपल्या गाडीची कड अगदी जेमतेम दिसेल.

उंच बसल्यावर सगळा रस्ता आपल्याला दिसतो असं वाटतं. लांबचं दिसतंही, पण जवळचं झाकलं जातं. मी गाडी बंद ठेवून नवऱ्याला बोनेटसमोर जमिनीवर पाण्याची बाटली ठेवायला सांगते आणि ती मला दिसेपर्यंत गाडीपासून दूर दूर सरकवायला लावते. मग खाली उतरून ते अंतर पावलांनी मोजते. गेल्या खेपेला पाच पावलं भरली. लहान मूल त्या पट्ट्यात सहज नाहीसं होऊ शकतं. मागचा कॅमेरा गाडीच्या मागचं दाखवतो, नाकासमोरचं नाही, म्हणून निघण्याआधी मुलांची डोकी मोजायची. समोरच्या काचेच्या कडेचे खांबही जाड असतात. वळताना त्यांच्याआड आख्खा दुचाकीस्वार लपतो, तेव्हा मान पुढे-मागे करून बघा.

उंचीचा दुसरा परिणाम वेगावर होतो. रस्ता डोळ्यांपासून दूर असल्याने तो सावकाश सरकतोय असं वाटतं, आणि साठचा वेग चाळीससारखा भासतो. पहिला तासभर काट्याकडे वारंवार बघत राहा.

वजनाचा हिशेब मी तोंडी मांडते. साठ किलो सरासरी धरली तर सातजणांचे 420, वर सामानाचे शंभर. म्हणजे रिकाम्या गाडीवर अर्धा टन आणखी. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते, आणि वजन वाढलं की त्या प्रमाणात तीही वाढते. त्यामुळे रिकाम्या गाडीत पायाला बसलेला अंदाज भरलेल्या गाडीत चालत नाही. सगळे बसल्यावर मोकळा रस्ता आणि मागे कोणी नाही असं बघून दोन-तीनदा ब्रेक लावून पाहा. वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात शिरल्यावर नव्हे, कारण गाडीचं वजन उंचावर असतं आणि ती बाहेरच्या बाजूला कलते. लांब उतारावर खालचा गिअर घ्या. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड कुठे आहे ते आधीच शोधा. सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात.

आणि तिसरी रांग. त्या सीटवर तुम्ही स्वतः बसून पाहिल्याशिवाय गाडी कळली असं म्हणू नका. पहिल्या प्रवासात सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं, जरा हळू घे, इथे उडायला होतंय." मी काट्याकडे पाहिलं, वेग नेहमीचाच होता. पुढच्या थांब्यावर मी त्यांना मधल्या रांगेत बसवलं, नवऱ्याला गाडी दिली आणि स्वतः मागे जाऊन बसले. मागच्या चाकांच्या जवळजवळ वरच बसतो आपण तिथे. पुढे ज्याचा नुसता हेलकावा जाणवतो तो गतिरोधक मागे कमरेत बसतो. गुडघे छातीशी येतात, आणि एसीचा झोत पोचायला वेळ लागतो. तेव्हापासून मी गतिरोधकावर गाडी चालत्या माणसाच्या वेगाला आणते, आणि गुडघे-कंबर दुखणाऱ्यांना किंवा मळमळणाऱ्यांना मागे बसवत नाही. तिथे जो बसेल त्याचा डोक्यामागचा टेका वर ओढून द्या, तो बहुतेक वेळा खाली दाबलेलाच असतो. मुलांची वेगळी सीट अडकवायचे आयसोफिक्स हुक सहसा मधल्या रांगेतच मिळतात, म्हणून कोण कुठे बसणार हे घरीच ठरवलेलं बरं.

तिसरी रांग उघडली की डिकी उरतेच किती! जड बॅगा तळाशी, सीटच्या पाठीला चिकटवून ठेवा. पाठीच्या उंचीपेक्षा वर काही रचू नका; जोरात ब्रेक लागला तर ते थेट मागच्यांच्या डोक्यावर येतं. टपाची वजनमर्यादा गाडीच्या माहितीपुस्तिकेत बघा आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरा. टपावर सामान असेल तर कमी उंचीच्या पार्किंगमध्ये शिरण्याआधी थांबून मोजा.

इंधन भरण्याआधी झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा, पेट्रोल की डिझेल. चुकीचं भरलं गेलंच तर इंजिन सुरूच करू नका. टाकी कोणत्या बाजूला आहे हे इंधनाच्या काट्याजवळचा छोटा बाण सांगतो. लेन असिस्टने, म्हणजे गाडी आपल्या लेनमध्ये ठेवणाऱ्या यंत्रणेने, स्टिअरिंग ओढलं तेव्हा पहिल्यांदा मी फार घाबरले होते. ते कसं चालतं आणि कसं बंद होतं हे उभ्या गाडीत शिकून घ्या. हँडब्रेकचं बटणही तेव्हाच हाताखालून घाला.

परत देताना तोच व्हिडिओ, त्याच क्रमाने. गाडीच्या स्क्रीनवरून तुमचा फोन, नंबर आणि घरचा पत्ता पुसा. आणि तिसऱ्या रांगेच्या सीटखाली हात घालून बघा; आमच्या धाकट्याचा चष्मा दोनदा तिथेच सापडला आहे.