१६००चं टायमिंग अडकलंय? मग रोज फुल दमात पळणं आधी बंद करा

पोलीस भरतीत १६०० मीटरला २० पैकी २० पाहिजे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यायला लागतं, म्हणजे ४०० चा राऊंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, असे सलग चार. ५:३० च्या आत आलात तर १८. दोन मार्कांनी काय होतंय असं वाटत असेल तर ज्याचं नाव मेरिटला थोडक्यात हुकलंय त्याला विचारा. पोरींना ८०० मीटर, फुल मार्काला २:५०, पण खालचं सगळं त्यांना पण तसंच लागू आहे.

आपल्याकडं सोलापुरात पहाटे होम मैदानावर नाहीतर कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलावर जाऊन बघा, निम्मी पोरं आली की दोन मिनिटं हातपाय हलवतात, बूट आवळतात आणि लगेच १६०० फुल दमात, मग मोबाईलवर टायमिंग बघायचं, वैतागायचं आणि घरी. पहिला महिना टायमिंग उतरतं बी, मग ५:५० ला जे अडकतं ते हलतच नाही आणि वरनं नडगी दुखायला लागते ते वेगळंच. रोज पेपर द्यायचा आणि अभ्यास कधीच करायचा नाही, असला प्रकार आहे हा.

१६०० ही नुसत्या स्पीडची रेस नाही, दमाची आहे, साधारण ८० टक्के ताकद शरीर ऑक्सिजन वापरूनच काढतं. म्हणून आठवड्यातले तीन दिवस निवांत ५ ते ८ किलोमीटर पळायचं, इतकं निवांत की सोबतच्या पोराशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागली की स्पीड कमी करा. कोणतरी पुढनं जाताना "काय बे, म्हातारा झाला काय" म्हणणारच, म्हणू दे, तुमचा मंगळवारचा स्पीडचा सराव बाकी आहे. जमेल तेवढं मातीवर पळा, डांबरावर नडगीची वाट लागते.

स्पीडचे दिवस फक्त दोन, आणि ते लागून नाही घ्यायचे. समजा आज तुमचं टायमिंग ६ मिनिटं आहे, म्हणजे राऊंड ९० चा पडतोय. तर मंगळवारी १५ मिनिटं हळू पळून अंग गरम करा, मग ४०० मीटर ८६ सेकंदांत, दोन मिनिटं चालत-जॉगिंग करत दम घ्या, परत ८६, असे सहा. पहिला ७८ ला मारून सहावा ९५ ला आला तर तो सराव वाया गेला समजा, सहाच्या सहा सारखे पडले पाहिजेत. सहा नीट जमायला लागले की आठ करा, आठ जमले की एक-दोन सेकंद उतरवा, घाई नको. शुक्रवारी ८०० चे तीन, मध्ये चार मिनिटं गॅप, किंवा कंटाळा आला तर २०० चे दहा. राहिलेल्या दोन दिवसांत एकदा स्क्वॅट, लंजेस, प्लँक, आणि एक दिवस चक्क झोपा.

झोपा म्हटलं की पोरं हसतात. १९५४ साली ज्यानं पहिल्यांदा मैल ४ मिनिटांच्या आत मारला, तो रॉजर बॅनिस्टर डॉक्टरकी शिकत होता आणि मैल म्हणजे आपल्या १६०० पेक्षा फक्त ९ मीटर जास्त. तो पण पाव मैलाचे दहा तुकडे मारायचा, मध्ये दोन मिनिटं. ६६ सेकंदांवरनं ६१ वर आला आणि तिथंच अडकला. मग पळणं सोडून काही दिवस स्कॉटलंडला डोंगर चढायला गेला, परत येऊन ५९ मारला.

राऊंड मोबाईलच्या जीपीएसवर मोजू नका, वळणावर ते हमखास चुकतं. मीटर टेप आणा, दोघं मिळून ४०० मोजा, प्रत्येक १०० ला चुन्याची खूण करा. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा (जत्रा) लागला की होम मैदान गेलंच, तेव्हा दुसरीकडं अशीच जागा आधीच मोजून ठेवलेली बरी.

आता तिसरा राऊंड. टायमिंग तिथंच जातं. पहिला राऊंड गर्दीच्या नादात ७० ला जातो, दुसरा बरा, तिसऱ्यात पाय दगड होतात आणि चौथ्यात जीव तोडून पळलं तरी गेलेले सेकंद येत नाहीत. पहिला ७८ च्या आत टाकायचाच नाही, गर्दीत अडकू नये म्हणून सुरुवातीचे ३०-४० मीटर तेवढे जोरात. तिसरा सुरू झाला की पुढच्या एकाची पाठ धरा आणि हात जोरात हलवा, पाय आपोआप मागं येतात.

मार्चपासनं आपलं ऊन माहितीच आहे, साडेसातच्या आत सगळं उरका, संध्याकाळी जमीन तापलेली असते म्हणून स्पीडचा सराव सकाळीच. चक्कर आली, अंगावर काटा आला की तिथंच थांबा, सावलीत जा, मीठ-साखरेचं पाणी घ्या.

ग्राउंडच्या, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीच्या आधीचा आठवडा सराव निम्म्यावर आणा. आदल्या रात्री भाकरी, भाजी, शेंगाचटणी चालेल, सुक्कं मटण नको, सकाळी दीड-दोन तास आधी एक-दोन केळी. कुणी इंजेक्शन नाहीतर गोळी देत असेल तर त्याच्या नादाला अजिबात लागू नका, धावताना हृदयावर ताण येऊन जिवावर बेततं. आणि १६०० संपल्यावर मातीत लोळू नका, पाच-दहा मिनिटं चाला, घोटघोट पाणी प्या, १०० मीटर आणि गोळा अजून बाकी असेल तर पाय आखडून चालणार नाही.