तान्हं बाळ, दोन नोकऱ्या आणि कोकणात बिऱ्हाड: कसं जमवायचं

पुण्या-मुंबईतून कोकणात बिऱ्हाड हलवायचंय, दोघांच्या नोकऱ्या चालू आहेत आणि घरात तान्हं बाळ आहे, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. आमचं निमित्त नवऱ्याची बँकेतली बदली, पुण्याहून चिपळूणला, ब्रँच मॅनेजर म्हणून. माझं काम सॉफ्टवेअरचं, टीम लीड आहे आणि क्लायंट अमेरिकेतला, म्हणजे संध्याकाळी सातनंतरच खरा दिवस सुरू होतो. अशा वेळी सगळे पहिला प्रश्न विचारतात, घर मिळालं का? माझं म्हणणं घर नंतर बघा हो, आधी तास बघा. कुठल्या तासाला बाळ कोणाच्या हातात असणार हे ठरल्याशिवाय घर, मावशी, इंटरनेट यातलं काहीच ठरवू नका, कारण ते सगळं त्यावरूनच ठरतं.

एक मोठा कागद घ्या, डाव्या बाजूला सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत एकेक तास लिहा आणि पुढे तीन रकाने करा, तू, मी, तिसरं कोणीतरी. मग दोघांनी समोरासमोर बसून भरा आणि भरताना खरं बोला. आमच्याकडे हा संवाद असा झाला, "मार्च एंडिंगला तू घरी कितीला येतोस, खरं सांग." "आठ." "खरं सांग म्हटलं." "...साडेनऊ." "मग सात ते साडेनऊवर तुझं नाव कशाला लिहितोयस?" हे भांडण कागदावर झालेलं बरं, नाहीतर तेच नंतर क्लायंटचा कॉल चालू असताना आणि बाळ रडत असताना होतं. कागद भरून झाला की ज्या तासांपुढे कोणाचंच नाव नाही ते तास म्हणजे तुमची खरी गरज. आमच्याकडे ते संध्याकाळी सात ते साडेनऊ निघाले, म्हणजे दिवसभराची बाई शोधून काही उपयोग नव्हता, संध्याकाळचं माणूस हवं होतं. आणि हो, अमेरिकेशी काम असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात आणि तुमचे कॉल एक तास उशिरा सरकतात ते थेट मार्चपर्यंत, तेव्हा कागद परत करायला लागतो.

आता तारीख. बँक म्हणते अमुक तारखेला जॉईन व्हा, तर नवऱ्याला होऊ दे जॉईन, सगळं बिऱ्हाड त्याच दिवशी हलायला पाहिजे असं कुठे लिहिलंय. बाळ आणि सामान कधी हलवायचं ते तीन गोष्टी बघून ठरवा, बाळाचं वय, तुमची रजा आणि पाऊस. बाळाच्या सरकारी लसी जन्मानंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात आणि त्यानंतरची मोठी लस एकदम नऊ महिन्यांना, गोवर-रुबेलाची. म्हणजे साडेतीन ते नऊ महिने ही मधली खिडकी मोकळी मिळते (खासगी डॉक्टर सहा महिन्यांना फ्लू वगैरे सांगतात, ती कुठेही घेता येते). शिवाय आठ-नऊ महिन्यांना बाळ रांगायला लागलं की सामान बांधणं ही वेगळीच सर्कस होते, तुम्ही खोका भरता आणि मागून तो रिकामा होतो. लसीनंतर ताप येऊ शकतो तेव्हा लस झाली आणि दुसऱ्या दिवशी घाट उतरायचा असं करू नका, दोन-तीन दिवस जाऊ द्या.

रजेचं गणित असं की कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा मिळते आणि त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. तब्येत चांगली असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर आधीचे कमी घ्या, नंतरचे उपयोगाला येतात. रजा संपायच्या निदान महिनाभर आधी नव्या घरात असायला हवं. नवं घर, नवी मावशी आणि कामावरचा पहिला आठवडा हे तीन एकदम आले तर कोणाचंच काही खरं नाही. बाबांच्या रजेचं मात्र खासगी कंपन्यांना कायद्याचं बंधन नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात आणि ते बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येतात, बऱ्याच बँका-कंपन्यांत पण अशी काहीतरी रजा असते, नियम विचारून घ्या. बाळंतपणाला दोन्ही आज्या घरात हजर असतील तर ती रजा तेव्हाच उडवू नका, शिफ्टिंगच्या आठवड्यासाठी ठेवता येते का बघा. अजून एक, ज्या ऑफिसात ५० किंवा जास्त माणसं आहेत तिथे पाळणाघराची सोय कायद्याने द्यावी लागते, पण तुमचं ऑफिस हिंजवडीत आणि तुम्ही चिपळुणात असाल तर ते पाळणाघर काय कामाचं, त्याऐवजी भत्ता मिळतो का एवढं एक मेल टाकून विचारा. रजेनंतर घरून काम करायला मिळणं हे कायद्यात आहे पण दोघांच्या संमतीने, म्हणून मॅनेजर फोनवर हो म्हणाला की लगेच तेच मेलवर लिहून घ्या, मॅनेजर बदलतात.

आणि पाऊस. शक्यतो दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हला. घरं सुकलेली असतात, रस्ता बरा असतो, विहिरींना पाणी असतं. एप्रिल-मेमध्ये घर बघाल तर उलट पाण्याचं नीट कळतं, जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही आणि एवढा पाऊस पडूनसुद्धा मेमध्ये टँकर येतात, त्यामुळे नोव्हेंबरात घर बघत असाल तर शेजाऱ्यांना मेची परिस्थिती विचारा, मालकाला नको. गणपतीच्या आठवड्यात हलायचा विचारसुद्धा करू नका, टेम्पो मिळणार नाही, हायवे भरलेला, आणि ज्याला त्याला घरी जायचंय.

घर बघताना चिपळुणात एकच प्रश्न पहिला, एकवीसला पाणी कुठवर आलं होतं? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा बाजारपेठेच्या भागात ते पहिल्या मजल्यापर्यंत गेलेलं, आणि २००५ च्या २६ जुलैचं पण लोक अजून सांगतात. नदीतला गाळ नंतर काढलाय, तरी विचारायचंच. एका घरात आम्ही हे विचारलं तर मालकीणबाईंनी काही न बोलता जिन्याकडे बोट केलं, वरून तिसऱ्या-चौथ्या पायरीपाशी भिंतीचा रंग बदलत होता, खालचा नवा आणि वरचा जुना. कोणीही विचारलं तर लोक असं सरळ सांगतात, लपवत नाहीत. तान्हं बाळ असेल तर तळमजला नकोच, बाबागाडी जिन्यावरून चढवायला लागली तरी चालेल.

गावात सासरचं स्वतःचं घर असतं बऱ्याच जणांचं, पडवी, मोठं खळं, मागे माड, आणि सगळे म्हणतात भाडं कशाला भरता, गावच्या घरी राहा. सुट्टीला जा, जरूर जा. पण घर बँकेपासून वीस किलोमीटर असेल तर रोजचा जाण्या-येण्याचा तास कोणाच्या रकान्यातून जातो ते त्या कागदावर बघा. आम्ही ब्रँचपासून चालत अंतरावर भाड्याने घेतलं, कारण दुपारी नवरा जेवायला घरी येऊ शकतो आणि तेवढ्यात मी आंघोळ करू शकते. वाचायला बारीक वाटेल पण ज्यांना तान्हं आहे त्यांना कळेल.

घरून काम असेल तर इंटरनेट घर ठरवायच्या आधी तपासा, आणि अंगणात उभं राहून नको, ज्या खोलीत बसणार त्या खोलीत दार लावून. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती जाड असतात, बाहेर फुल रेंज आणि आत एक काडी. फायबर एका कंपनीचं आणि मोबाईल दुसऱ्या कंपनीचा ठेवा म्हणजे दोन्ही एकदम जात नाहीत. इन्व्हर्टर पाहिजेच, आणि राउटर त्याच्यावर जोडलाय ना ते स्वतः मेन स्विच पाडून बघा. पावसाळ्यात लाईट जाते ती कधी तासात येते कधी नाही, २०२० च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक दिवस लाईट नव्हती. वरती पत्रा असलेली खोली ऑफिससाठी घेऊ नका, जुलैमध्ये पत्र्यावर पाऊस लागला की समोरच्याला तुमचा एक शब्द ऐकू जात नाही. दूध काढून ठेवत असाल तर २५ डिग्रीपर्यंत ते बाहेर चार तास चालतं म्हणतात, पण इथे मेमध्ये घरात तेवढं थंड कुठे असतं, तेव्हा काढलं की थेट फ्रीजमध्ये, तिथे चार दिवस राहतं. लाईट गेली की फ्रीज उघडून उघडून बघायचा नाही.

मावशींबद्दल थोडं सविस्तर. इथे बाळ सांभाळायला मायेने वागणारी माणसं मिळतात, याबाबतीत मी पुण्यापेक्षा इथे जास्त खूश आहे. पण त्यांची स्वतःची शेती असते. जून-जुलैत लावणी, दसऱ्यानंतर कापणी, मध्ये गणपती, मग शिमग्याला पालखी, या दिवसांत त्या येणार नाहीत आणि येऊ नये असंच आहे. पहिल्याच दिवशी विचारून घ्या, "मावशी, लावणीला तुमचे किती दिवस जातात?" आणि ते दिवस कॅलेंडरवर मांडून तुमच्या दोघांच्या रजा त्याप्रमाणे लावा. त्या दिवसांचे पैसे कापू नका. अंगणवाडीवर भरवसा ठेवून येऊ नका, तिथे मुलं तीन वर्षांनंतर बसवतात, लहानांना आहार आणि तपासणी मिळते, त्यासाठी नाव मात्र घाला.

आजी येणार असेल तर तिलाही तास विचारा. आईंना गुडघेदुखी असेल तर त्यांनी बाळ घेऊन दिवसभर जिना चढ-उतार करायची अशी अपेक्षा कशी ठेवणार. आणि गुटी, मध, शेगडीची धुरी यावरून घरात वाद होणारच. मध एक वर्षापर्यंत नाहीच, बंद खोलीत धूर बाळाच्या छातीला वाईट, पहिले सहा महिने आईचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नको, हे सगळं तुम्ही सांगू नका, आजीला घेऊन बाळाच्या डॉक्टरकडे जा आणि त्यांनाच सांगू दे. सहा महिन्यांनंतर आजीचं राज्य सुरू, नाचणीचं सत्त्व, मऊ भात, फक्त मीठ-साखर बाळ वर्षाचं होईपर्यंत टाळा.

निघायच्या आधी पुण्यातून बाळाचा जन्मदाखला हातात घ्या. दाखला जिथे जन्म झाला तिथलीच महापालिका किंवा ग्रामपंचायत देते, आणि १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे तोच लागतो. बारसं राहिलं म्हणून नाव घालायचं राहिलं असेल तर १२ महिन्यांत फुकट घालता येतं. लसीचं कार्ड सामानाच्या खोक्यात नको, तुमच्या पर्समध्ये. सरकारी लस देशात कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते, आणि एखादी उशिरा झाली तर पहिल्यापासून परत सुरू करावी लागत नाही, घाबरू नका.

प्रवासाच्या दिवशी सामानाचा टेम्पो वेगळा आणि बाळ वेगळं. टेम्पोबरोबर एकाने आधी जायचं, पलंग, गादी, मच्छरदाणी, गॅस आणि इन्व्हर्टर एवढं लावायचं, मग दुसऱ्या दिवशी बाळ. कराडवरून कुंभार्ली घाट उतरायचा तर उजेडातच उतरा, मागच्या सीटवर तोंड मागे असलेली बेबी सीट, मांडीवर नको, आणि दूध पाजायला गाडी बाजूला थांबवा. डायपरची पोती भरून आणायची गरज नाही, चिपळुणात सगळं मिळतं.

पोचल्या आठवड्यात दोन गोष्टी शोधा, रात्री फोन उचलणारा बालरोगतज्ज्ञ आणि लहान मुलांना ॲडमिट करायची सोय असलेलं जवळचं हॉस्पिटल. आमच्यासाठी डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल आहे, तुमच्या गावाला कुठलं पडतं ते रस्त्याने एकदा जाऊन या. १०८ दोघांच्याही फोनमध्ये सेव्ह. बाळाचा पलंग भिंतीपासून थोडा लांब, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली, कारण विंचू आणि फुरसं (छोटा विषारी साप) इथे काही गोष्टीतले प्राणी नाहीत. चावलं तर सरळ सरकारी दवाखाना, मध्ये कुठे थांबायचं नाही.

पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत, चार-चार दिवस ओली आणि कुबट. कपाटात कोंबू नका, खोलीत दोरी बांधून पंखा चालू ठेवा आणि शेवटी इस्त्री फिरवा. दुपटी नेहमीपेक्षा दुप्पट ठेवा, सध्याच्या पिढीला हे कोणी सांगत नाही.

रात्रीचं वाटून घ्या, दोघांनी एकदम जागायचं नाही. दहा ते दोन एकाने, दोन ते सहा दुसऱ्याने, ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. नव्या गावात बाईला बोलायला कोणी नसतं, नवऱ्याला ब्रँचमध्ये माणसं तरी भेटतात, हा फरक लक्षात ठेवा. रडू येणं, कशातच मन न लागणं दोन आठवड्यांच्या पुढे गेलं तर डॉक्टरला सांगा, नाहीतर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

ऑफिसला पुण्यात अधूनमधून जायला लागणार असेल तर मेमध्येच मॅनेजरशी बोलून जून ते सप्टेंबरच्या मीटिंग ऑनलाईन करून घ्या. रेड अलर्टला घाटात दरड कोसळली की तुम्ही तिकडे आणि बाळ इकडे. रेल्वेनं मुंबईला जाणार असाल तर पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, आणि रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, गणपतीचं तर त्याच मिनिटाला काढायचं.