भर उन्हाळ्यात रान कसं सांभाळावं आणि रानातली जनावरं कशी बघावीत

ज्वारीची रास उरकली, कडबा गंजीला लागला की सोलापूरकडची रानं उघडी पडतात. उभं राहतं ते डाळिंब, लिंबू, जनावरांपुरतं कडवळ, कुठं उन्हाळी भुईमूग. पारा ४२ अंशांच्या पुढं गेल्यावर काळवीट, पाखरं, डुकरं सगळी त्याच हिरव्या तुकड्याकडं वळतात. म्हणून पिकाची आणि जनावरांची पाहणी एकाच फेरीत करावी, दिवस उगवायच्या आत.

आधी पाणी. ते वार ठरवून नव्हे, माती बघून द्यावं. ड्रिपरपासून थोडं बाजूला, खुरप्यानं वीतभर खोल उकरा आणि मूठभर माती दाबा. गोळा झाला, हाताला ओल लागली तर आज पाळी नको. दाबूनही भुगाच राहिला तर व्हॉल्व्ह उघडा. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची फुलं, धरायचा असेल तर मात्र डाळिंबाचं पाणी उन्हाळ्यात तोडून त्याला ताणच द्यायचा असतो. शेजाऱ्याची मोटर सुरू दिसली म्हणून आपली सुरू करू नये.

काळ्या रानात भेगा पडायच्या आत हलकी कोळपणी करा. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ हे उगाच म्हणत नाहीत. वरची माती मोकळी झाली की खालची ओल लवकर उडत नाही. झाडाच्या आळ्यात उसाचं पाचट तीन-चार इंच पसरा, खोडाला चिकटू देऊ नका. पाचटात हात घालण्याआधी काठीनं हलवा, कारण घोणस गारव्यालाच बसलेली असते. रात्रीची लाईट असेल तर बॅटरी आणि गमबूट हवेतच.

आता माग. ठिबकची ओली पट्टी म्हणजे आयती वहीच. काळविटाचा खूर टोकदार, लेंड्या बऱ्याचदा एकाच जागी ढिगानं. भुईमुगाचं रान उकरून शेंगा खाल्लेल्या दिसल्या तर बहुधा रानडुक्कर. लांडग्याचा पंजा कुत्र्यासारखाच दिसतो. एका ठशावरून गावभर हाकाटी करू नये. पावलं लांबवर जवळजवळ सरळ ओळीत गेली असतील तर शंका घ्यायला जागा आहे.

जनावरांना पाणी ठेवायचं तर पिकापासून दूर, माळाच्या बाजूच्या बांधाला. उथळ, उतरत्या काठाचं आणि आत दगड टाकलेलं, म्हणजे पाखरू बुडत नाही. शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद घसरडा असतो, पडलेलं जनावर वर येत नाही. गाठी मारलेला जाड दोर किंवा जाळी काठाला पक्की बांधून आत सोडा. कुंपणात करंट सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यात माणसंही मरतात.

बघायला बसताना सूर्य पाठीशी घ्या, बाभळीचा आडोसा धरा. उन्हं वर येऊ लागली की पखुर्ड्या, ही माळावरची पाखरं, थव्यानं पाण्यावर उतरतात. नान्नजच्या अभयारण्यात माळढोकाच्या आशेनं गेलेले बहुतेक जण हल्ली तसेच परततात. त्यापेक्षा आपल्या बांधावरची टिटवी बघावी, असं माझं मत. ती उघड्या ढेकळांतच अंडी घालते, बहुतेक वेळा चार, मातीच्याच रंगाची. भर उन्हात ती पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन अंड्यांवर बसते, त्यांना गार ठेवायला.

पंचाईत अशी की नेमकी तेव्हाच नांगरट चालू असते. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की ट्रॅक्टर थांबवा, खाली उतरून अंडी शोधा आणि भोवतीचा दोन-तीन पावलांचा तुकडा तसाच सोडा. खुणेला दोन ढेकळं पुरेत. काठीला फडकं बांधलं तर कावळ्यालाच पत्ता मिळतो. पिल्लं निघाली की लगेच पळती होतात, मग तो तुकडा नांगरून घ्या.

जनावरांनी पिकाचं नुकसान केलं तर उरलेलं पीक आवरण्याआधी फोटो काढा आणि त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. विहिरीत काही पडलं असेल तर स्वतः उतरू नका. वनविभागाच्या १९२६ या नंबरला फोन करा, आणि माणसं येईपर्यंत गर्दी लांब ठेवा.